फौजीचं घर: कॅम्पजवळ, निपाणीत की शिनोळीला?

बेळगावात कॅम्प ओलांडून गणेशपूर, हिंडलगा, विजयनगरच्या बाजूला गेलं की दारावरच्या पाट्यांवर ‘माजी सुभेदार’, ‘निवृत्त हवालदार’ ही अक्षरं वरचेवर दिसतात. यातले सगळे मूळचे बेळगावचे नव्हेत. कोणी साताऱ्याकडचा, कोणी चंदगड-गडहिंग्लजचा, कोणी खानापूर तालुक्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासून इथं आहे. रिक्रूट म्हणून ज्या मैदानावर घाम गाळला, त्याच गावात म्हातारपण काढायचं असं ठरवणाऱ्यांची ही चौथी-पाचवी पिढी असेल. हवा चांगली, मिलिट्री हॉस्पिटल आहे, कॅन्टीन आहे, बाजारात मराठी चालते. आणखी काय पाहिजे?

पण हा हिशेब निवृत्तीनंतरचा झाला. घराचा प्रश्न खरा उभा राहतो तो नोकरीच्या मध्यावर. दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग बदलतं. पीस स्टेशनला फॅमिली क्वार्टर मिळालं तर कुटुंब सोबत, फील्डला गेलं की कुटुंब माघारी. पोरगं पाचवी-सहावीत पोचलं की बायको म्हणते, आता पुरे झाली ही बिऱ्हाडं, एका जागी राहूया. मग जवान साठ दिवसांच्या वार्षिक रजेवर येतो. त्यात गणपती असतो, पाहुण्यांची लग्नं असतात, शेताच्या बांधाचं भांडण असतं आणि उरलेल्या आठवड्यात प्लॉट बघायचा असतो. तीस-चाळीसचा प्लॉट, दर काय, रस्ता किती फुटी, पाणी कुठलं, एवढी चौकशी होते. आपण कुठल्या राज्यात घर घेतोय आणि त्याने पुढच्या वीस वर्षांत काय बदलेल, याची होत नाही. सीमाभागात मात्र घर निवडणं म्हणजे राज्य निवडणं असतं.

सैनिकाला जे केंद्राकडून मिळतं ते सीमा ओलांडून त्याच्यामागे येतं. पेन्शन बेळगावात घ्या नाहीतर कोल्हापुरात, रुपया तोच. ईसीएचएसचं कार्ड दोन्हीकडे चालतं, पॉलिक्लिनिक दोन्ही शहरांत आहे. कॅन्टीनचंही तसंच. राज्याकडून जे मिळतं ते मात्र कोगनोळीच्या नाक्यावर थांबतं. त्या यादीत माजी सैनिकांचं सरकारी नोकरीतलं आरक्षण आहे, मुलांचे कॉलेज प्रवेश आहेत, घरपट्टीतली सवलत आहे, जातीच्या दाखल्याचा उपयोग आहे, सैनिक कल्याण खात्याच्या योजना आहेत. सीमेवर बरंवाईट झालं तर राज्य सरकारकडून कुटुंबाला मिळणारी रक्कमही आहे.

यातलं नोकरीचं आरक्षण किरकोळ समजू नये. जवान पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो, पुढं वीस वर्षं काम करायचं असतं. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. कर्नाटकातही आरक्षण आहे, पण राज्य सेवेत जायचं तर कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मराठी शाळेत शिकून सतराव्या-अठराव्या वर्षी भरती झालेला, पुढची सतरा वर्षं हिंदीत काढलेला निपाणीचा किंवा येळ्ळूरचा माणूस ही परीक्षा द्यायला बसतो तेव्हा त्याची काय अवस्था होते, ते सीमाभागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. उलट बाजूला, महाराष्ट्राच्या आरक्षणासाठी त्या राज्याचा अधिवास लागतो. बेळगावात घर बांधून पंधरा वर्षं राहिलेल्या सातारकराला तो दाखला पुन्हा काढताना आपण नक्की कुठले, हे सिद्ध करावं लागतं.

घरपट्टीचंही तसंच. महाराष्ट्राने 2020 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणून माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टीत माफी दिली. पण घर महाराष्ट्रात पाहिजे आणि माणूसही महाराष्ट्राचा रहिवासी पाहिजे.

मुलांच्या प्रवेशाची गुंतागुंत तर बघण्यासारखी आहे. कर्नाटकात राज्याच्या कोट्यासाठी पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली असावी लागतात, हा सर्वसाधारण नियम. सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी कलमं आहेत, त्यातलं एक असं की वडिलांनी भरतीच्या वेळी आपलं गाव कर्नाटकातलं म्हणून लिहून दिलेलं असावं. म्हणजे अठराव्या वर्षी भरतीच्या फॉर्मवर जो पत्ता टाकला, तो पंचवीस वर्षांनी पोरीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात पुन्हा भेटतो. महाराष्ट्रात संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी 5 टक्के जागा आहेत. त्यांतही माजी सैनिक, सेवेतला, आणि महाराष्ट्राचा अधिवास नसलेला पण तिथे बदली झालेला, असे तीन प्रकार केलेले आहेत. शिवाय सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद ठेवली आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरची पोरं त्याचा उपयोग करतात. पण त्यासाठी पोरगं त्या गावांतलं रहिवासी असावं लागतं आणि तिथल्याच शाळेत शिकलेलं असावं लागतं. वडिलांबरोबर पठाणकोट, जोधपूर, सिकंदराबाद फिरून बारावीला परतलेल्या पोराची कागदं इथं अडतात.

जातीच्या दाखल्याचा विषय त्याहून नाजूक. कर्नाटकात मराठा समाज 3 ब प्रवर्गात आहे, महाराष्ट्रात 2024 च्या कायद्याने एसईबीसीत. एकीकडचा दाखला दुसरीकडे चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगून टाकलं आहे की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्याला नव्या राज्यातल्या सवलती आपोआप मिळत नाहीत. सीमाभागात ही ‘दुसऱ्या राज्यातली’ जागा कधी कधी चालत जाण्याच्या अंतरावर असते.

भाड्याचा आकडा

शहर निवडताना पगाराच्या स्लिपवरचा एक आकडाही बघायला हवा. क्वार्टर मिळालं नसेल आणि कुटुंब दुसरीकडे ठेवलेलं असेल तर घरभाडे भत्ता कुटुंब राहतं त्या जागेच्या वर्गावर ठरतो. बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरं ‘वाय’ वर्गात आहेत, निपाणी ‘झेड’मध्ये. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून, म्हणजे 1 जानेवारी 2024 पासून, ‘वाय’ला मूळ पगाराच्या 20 टक्के आणि ‘झेड’ला 10 टक्के मिळतात. मूळ पगार 40,000 असलेल्या हवालदाराला बेळगावात 8,000, निपाणीत 4,000. वर्षाचा फरक 48,000. घर स्वतःचं असलं तरी भत्ता मिळतो, म्हणून निपाणीचा स्वस्त प्लॉट वाटतो तेवढा स्वस्त राहत नाही. वर्ग ठरतो तो शहराच्या नागरी समूहात गाव मोडतं की नाही यावर. बेळगावपासून जरा लांबचं गाव घेतलं आणि ते त्या समूहात नसलं, तर दर निपाणीचाच. पत्ता बेळगावचा दाखवायचा आणि कुटुंब गावी ठेवायचं, असा सल्ला देणारेही भेटतात. युनिटमध्ये चौकशी लागली की हा सल्ला किती महागात पडतो ते तेच लोक सांगत नाहीत.

खरेदीखताचा खर्चही दोन राज्यांत वेगळा आहे. कर्नाटकात मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार. नोंदणी फी 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झाली. 30 लाखांच्या शहरी प्लॉटला शुल्क आणि उपकर मिळून 1 लाख 68 हजार आणि नोंदणीचे 60 हजार, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. महाराष्ट्रात नोंदणी फी 30 हजारांच्या वर जात नाही, आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. मोकळ्या प्लॉटला ती सूट नाही, हे दलाल सांगत नाही.

फंडाच्या पैशाला वकील नसतो

एवढं होऊनही जवानांची सर्वांत मोठी फसवणूक राज्याच्या निवडीत होत नाही, ती कागदात होते. कारण त्यांच्या पैशाच्या स्वरूपात आहे. शिक्षक किंवा बँकेतला कारकून घर घेतो तेव्हा कर्ज काढतो. कर्ज म्हटलं की बँकेचा वकील आला, तीस वर्षांचे उतारे आले, बोजा आहे की नाही ते दाखवणारी ईसी आली, लेआउट मंजूर आहे का ते आलं. वकील ‘नाही’ म्हणाला की व्यवहार मोडतो आणि माणूस वाचतो. जवानाकडे मात्र एएफपीपी फंड असतो, घरासाठी त्यातून पैसे काढता येतात. निवृत्त झाला तर ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची रक्कम एकदम हातात येते. रोख रक्कम असलेला, सुट्टी संपत आलेला, कागद वाचायला वेळ नसलेला गिऱ्हाईक प्लॉट विकणाऱ्याला आणखी कुठं मिळणार? बँक मधे नसल्यामुळे कागद तपासणारंही कुणी नसतं.

बेळगावच्या भोवती शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँड पेपरवर विकलेले प्लॉट किती आहेत ते इथल्या माणसाला माहीत आहे. शेतजमीन बिगरशेती करून घेतलेली नसते, बुडाची लेआउट मंजुरी नसते, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे नऊ आणि अकरा नंबरचे फॉर्म नसतात. ‘सध्या बाँड करून घ्या, खरेदी नंतर करून देतो’ एवढ्या वाक्यावर लाखो रुपये जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं की करारपत्र, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीवर मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तरी बाँड चालूच आहेत, कारण ज्या जागेला ई-खाता नाही तिची खरेदी आता नोंदच होत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो बाँड करतो.

यावर एक साधा उपाय जुने सुभेदार सांगतात आणि तो पटण्यासारखा आहे. सगळी रक्कम हातात असली तरी थोडं कर्ज काढायचं. बँकेचं किंवा आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं. दोन-चार लाखांवर व्याज जाईल, पण कागद त्रयस्थाच्या नजरेखालून जातील. ज्या प्लॉटवर कुठलीच बँक कर्ज द्यायला तयार नाही, त्यावर आपला फंड घालायचा कशासाठी?

भाषेचा प्रश्न यातच मिसळलेला आहे. उतारा कन्नडमध्ये, खरेदीखत बहुतेक वेळा कन्नडमध्ये. चंदगडचा किंवा साताऱ्याचा जवान वाचता येत नसलेल्या कागदावर सही करतो. वाचून दाखवतो कोण, तर दलाल. नोंदणी कायद्याच्या कलम 19 मध्ये भाषेचा निकष आहे तो जिल्ह्यात सर्रास वापरात असलेल्या भाषेचा, आणि बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्रास वापरात नाही असं कोण म्हणेल? पण नोंदणी कचेरीच्या दारात रजेचे चार दिवस उरलेले असताना हा वाद घालायला जवान उभा राहू शकत नाही. त्याने निदान दस्त इंग्रजीत करून मागावा आणि कन्नड उताऱ्याचं मराठी भाषांतर दलालाशी संबंध नसलेल्या माणसाकडून आधी करून घ्यावं. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, क्षेत्र, विकणाऱ्याच्या घरातल्या वारसांच्या सह्या, एवढं समजलं तरी निम्मं काम झालं. घरी राहणारी बायको असते, पुढचे खेटे तीच मारते. त्यामुळे निदान तिचं नाव खरेदीत असावं. मुखत्यारपत्र भावाला किंवा मेव्हण्याला देऊन निघून जाण्यापेक्षा ते बरं.

सैनिक जागेवर नसतो ही गोष्ट कायद्याने पूर्वीपासून ओळखलेली आहे. 1925 चा सैनिक खटले कायदा सांगतो की युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीतल्या सेवेमुळे सैनिक हजर राहू शकत नसेल आणि त्याच्या वतीने कुणी उभं नसेल, तर न्यायालयाने दावा थांबवावा. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्याने कूळ लावायला बंदी केली, तेव्हाही सैनिक आणि दर्यावर्दी यांना अपवाद ठेवला. बाकीच्यांची कसणाऱ्याकडे गेली, सैनिकाला मात्र आपली जमीन दुसऱ्याला कसायला देता आली. पण हे संरक्षण नावावर जमीन असलेल्याला आहे. बाँड पेपर हातात घेऊन उभ्या असलेल्याला यातलं काही उपयोगी पडत नाही.

कॅम्पातला बंगला आणि सीमेपलीकडचं गाव

कॅम्पात घर असावं ही अनेकांची हौस. झाडं, रुंद रस्ते, शेजार फौजी. पण छावणीतल्या बऱ्याच जुन्या मालमत्ता ‘ओल्ड ग्रँट’ प्रकारच्या आहेत. तिथं जमीन सरकारची, धारकाचा हक्क वरच्या बांधकामापुरता. हस्तांतरणाला, दुरुस्तीला, नाव चढवायला परवानगी लागते आणि सरकार जागा परत घेऊ शकतं. छावण्यांचा नागरी भाग स्थानिक नगरपालिका-महापालिकांकडे देण्याचं धोरण केंद्राने घेतलं, एप्रिल 2023 मध्ये हिमाचलमधली योल छावणी अशी पहिली संपली. बेळगावच्या कॅम्पाबद्दलही तीच चर्चा आहे. महापालिकेत गेल्यावर सगळं आपोआप मालकीचं होईल, असं सांगून कोणी आज चढा दर लावत असेल तर त्याला तसं लेखी द्यायला सांगावं. कॅम्पाच्या भिंतीला लागून किंवा सांबऱ्याच्या धावपट्टीजवळ प्लॉट घेणाऱ्यानेही बांधकामाच्या परवानगीचं आधी बघावं. लष्कराचा किंवा हवाई दलाचा ना-हरकत दाखला अडला की प्लॉट प्लॉटच राहतो.

मग काहीजण वेंगुर्ला रोडने पुढं जातात. बेळगावपासून पंधराएक किलोमीटरवर शिनोळी लागते, चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. 1 नोव्हेंबरला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यात राहिलं. आता तिथं घर घेतलं की पत्ता महाराष्ट्राचा, उतारा मराठीत, हॉस्पिटल आणि कॅन्टीन बेळगावचं. ऐकायला झकास. निपाणीकरांसाठी कागल हा असाच पर्याय.

यातही खाच आहेच. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. कर्नाटकाने 2020 मध्ये ही अट काढून टाकली, महाराष्ट्रात ती आहे. म्हणून गावठाणातली किंवा बिगरशेती झालेलीच जागा बघावी. शाळा हा दुसरा मुद्दा. शिनोळीत राहून पोरं बेळगावच्या शाळेत घातली, तर ती दहावी कर्नाटकातून होतात आणि राहायला महाराष्ट्रात असतात. मेडिकलच्या राज्य कोट्याला महाराष्ट्रात अधिवासासोबत दहावी-बारावीही तिथलीच लागते, आणि 865 गावांची सवलत शिनोळीला नाही, कारण ते गाव वादात नाहीच. सैनिकांच्या मुलांना काही सूट मिळते, पण ती वडिलांच्या सेवेच्या कागदांवर अवलंबून असते. म्हणजे घर आणि शाळा एकाच राज्यात ठेवलेली बरी.

सीमाप्रश्नाचा निकाल लागेल आणि सगळं सोपं होईल, या आशेवर निर्णय लांबवणारेही आहेत. महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं म्हटलं होतं, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, बेळगाव त्यात नव्हतं. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता भरती होऊन हवालदारकीला लागली असतील. मागणी आपल्या जागी, घराचा व्यवहार आपल्या जागी. 1956 मध्ये चंदगडच्या शेतकऱ्याची मालकी गेली नाही, फक्त कचेरी बदलली. उद्या निपाणीचं काही झालं तरी पक्कं खरेदीखत असलेल्याचं घर त्याचंच राहील.

यापुढं या सगळ्याला एक नवी पिढी सामोरी जाणार आहे. बेळगावच्या सेंटरमध्ये 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला उभे राहिलेले पहिले अग्निवीर चार वर्षं पुरी करून 2026 अखेर ते 2027 च्या सुरुवातीला बाहेर पडतील. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतील. बाकीच्यांच्या हातात सेवानिधीचे व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार येतील आणि पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस यांतलं काहीही नसेल. हवालदाराला पेन्शनच्या जोरावर बँक उभं करते, तेवीस वर्षांच्या या पोराला करणार नाही. गणेशपूर-हिंडलग्याच्या पाट्यांवरची नावं ज्या हिशेबाने तिथं आली, तो हिशेब त्याच्यापुरता संपलेला आहे. आणि साडेअकरा लाख ही नेमकी बाँडवरच्या प्लॉटची किंमत आहे. दलालांना ही तारीख पाठ असेल. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयांनी, बेळगावच्या आणि कोल्हापूरच्याही, त्याआधी सेंटरच्या दारात जाऊन खाता, ईसी आणि बिगरशेतीचा आदेश म्हणजे काय, एवढं तरी या पोरांना मराठीत सांगायला हवं.